अर्ध्या सुराचा आरोप

१

शनिवारी संध्याकाळी पुरस्कार सोहळ्यात बाई बेसूर गायल्या, आणि मंगळवारी सकाळी तो गुन्हा कबूल करायला धाकटा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेन उघडून बसला होता.

समोर टाइप केलेला कागद होता. चहा गाळता गाळता थोरल्या बहिणीने तो त्याच्या खांद्यावरून वाचला. 'माझ्या हातून घडलेल्या गंभीर प्रकाराची जबाबदारी मी स्वीकारतो. यापुढे कोणत्याही प्रक्षेपणाच्या ध्वनीचं काम मी करणार नाही.' खाली तारीख आणि सहीसाठी एक रेघ.

"हे कुणाचं अक्षरब्रह्म?"

"आयोजकांच्या ऑफिसने पाठवलंय. पाचपर्यंत सही करून नेऊन द्यायचं. नाही दिलं तर पोलिसांत तक्रार. मुद्दाम केलं म्हणून."

"आणि तू केलंस?"

धाकट्याने मान वर केली. तीन दिवसांत त्याचे डोळे खोल गेले होते. दाढी वाढली होती, आणि शनिवारचाच शर्ट अजून अंगावर होता. "ताई, रविवारी विचारलं असतंस तर छातीवर हात ठेवून नाही म्हणालो असतो. आता माहीत नाही. लागलं असेल बोट कुठेतरी. सगळे म्हणतायत म्हणजे लागलंच असेल ना?"

कागदापेक्षा या वाक्याने थोरली जास्त घाबरली.

ती वजनमापं तपासणारी सरकारी निरीक्षक होती. बाजारात तिचं पाऊल पडलं की दुकानदार पारड्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं हळूच खिशात टाकत. बारा वर्षांत तिने एक गोष्ट पाहिली होती. चोर कधी गोंधळत नाही. ज्याने काही केलेलं नसतं तोच चार जण अंगावर आले की स्वतःच्या तराजूकडे संशयाने बघायला लागतो.

तिने चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला आणि खुर्ची ओढली. "मला सगळं नीट सांग. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही असं समजून सांग."

"समजायचं काय त्यात? कळतच नाही तुला." तीन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या ओठांचा कोपरा हलला, आणि लगेच विझला. "वाद्यं सगळी आधी रेकॉर्ड केलेली असतात. तो ट्रॅक मी सोडतो. एक वाट सभागृहात आणि टीव्हीवर जाते. दुसरी वाट फक्त बाईंच्या कानातल्या इअरपीसमध्ये. पहिल्या वाटेचं रेकॉर्डिंग आहे. त्यात ट्रॅक बरोब्बर पांढरी दोनमध्ये आहे."

"म्हणजे?"

"पियानोच्या सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी. बाईंच्या त्या गाण्याचा सूर. पण बाई गायल्या तिच्या शेजारच्या काळ्या पट्टीवर. अर्धा सूर वर. आयोजक म्हणतात, दुसऱ्या वाटेने मी त्यांच्या कानात भलतंच सोडलं, म्हणून त्या भरकटल्या."

"दुसऱ्या वाटेचं रेकॉर्डिंग?"

"कोणीच करत नाही."

"बाई काय म्हणतात?"

"वाद्यं उतरलेली होती म्हणतात. अर्धा सूर. त्यांनी मला बोट वर करून दाखवलं. मला वाटलं, आवाज वाढव म्हणतायत. मी वाढवला. तेवढाच हात कॅमेऱ्याने पकडला, ताई. बाई वेड्यावाकड्या गातायत आणि माझा हात बटणावर."

पुढचं सगळ्यांनी पाहिलं होतं. जीवनगौरव पुरस्कार हातात, समोर हजार माणसं, आणि आयुष्यभराचं लाडकं गाणं एक्केचाळीस सेकंद वाद्यांशी भांडत होतं. दारात बोट सापडावं तसे पहिल्या रांगेतल्यांचे चेहरे झाले होते. एका नटाला हसू आवरलं नाही. बाईंनी माइक जमिनीवर ठेवला आणि त्या निघून गेल्या. सोमवारपर्यंत त्या एक्केचाळीस सेकंदांना लोकांनी मांजरांचे आवाज जोडले होते.

"ज्या बाईंना वादक विचारत, 'बाई, जरा पांढरी दोन द्या', आणि त्या भाजी निवडता निवडता द्यायच्या," धाकटा पुटपुटला, "त्यांचा कान चुकला असं म्हणू मी? माझ्यासारख्याने?"

थोरलीने पेनाला टोपण लावलं. कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली.

"पाचपर्यंत हा माझ्याजवळ. तू आंघोळ कर, दोन घास खा. आणि गच्चीवर जायचं नाही."

"का?"

जाताना ती गच्चीच्या दाराची किल्ली घेऊन गेली.

२

आयोजक तिला नाट्यगृहाच्या वरच्या मजल्यावरच्या सरावाच्या खोलीत भेटले. भिंतीला पियानो, बाजूला लांब टेबल. टेबलाशी संगीत संयोजकही बसले होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. बाईंच्या गाण्याचा ट्रॅक त्यांनीच केला होता.

"मॅडम, तुम्ही तराजू तपासता ना?" आयोजक घड्याळाकडे बघत म्हणाले. "मग तराजूच तपासा. इथे काही मोजायचं उरलेलं नाही. अख्ख्या देशाने बघितलंय."

"मी फक्त चार गोष्टी विचारते. बाईंनी ट्रॅक आधी ऐकला होता?"

उत्तर मास्तरांनी दिलं. त्यांचा आवाज लोण्यासारखा होता. "ऐकला होता ना. सोहळ्याच्या आधीच्या सोमवारी घरी पाठवला. एका ऐकण्यात पसंत. एक शब्द बोलल्या नाहीत."

"रिहर्सलला गायल्या?"

"बाई रिहर्सलला गात नसतात. चालून दाखवलं, दिवे बघितले, गेल्या. आणि गाण्याची पहिली ओळ त्या एकट्या म्हणतात, हे तर लहान पोरालाही माहीत आहे. मागे वाद्य नाही, आधी सूर घेणं नाही. सूर मागून घेतला तर मी कसली गाणारी, असं म्हणायच्या. ओळ संपली की ट्रॅक सुरू."

"माझ्या भावाने हे का करावं?"

मास्तरांनी सुस्कारा टाकला. "पोरगं गुणी आहे हो. पण वय तरुण. हल्ली अशा क्लिपा लाखो लोक बघतात. कुणी कान भरले असतील. आम्ही त्याचं वाईट चिंतत नाही, म्हणून तर साध्या सहीवर सोडतोय."

"माझ्या भावाची रोजीरोटी म्हणजे त्याचे कान," थोरली म्हणाली. "ते कापून मागताय, आणि वर उपकार?"

आयोजकांनी हात वर केले. "पाच वाजता, मॅडम. त्यानंतर माझ्याही हातात नाही."

ती जिना उतरायला लागली तशी मास्तरांची पावलं मागून आली. कठड्यावर हात ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, थोरल्या भावासारखं सांगतो. सही करून मोकळे व्हा. बाईंच्या घरी वगैरे जाऊ नका. त्यांना त्रास होईल."

थोरली मान हलवून खाली आली. रस्त्यावर आल्यावर थबकली.

बाईंच्या घरी जायचं तिने नावसुद्धा काढलं नव्हतं.

३

ती आधी तिच्या ऑफिसात गेली. कपाटात पितळी वजनं मखमलीत झोपली होती. तिने फोनला हेडफोन लावला आणि धाकट्याला फोन केला.

"लोक बघतात ती क्लिप कुठून सुरू होते?"

"ट्रॅक सुरू होतो तिथून. तिथूनच तर हसू येतं."

"त्याच्या आधीची ओळ कुणी तपासली?"

"एकोणीस सेकंदांची ती ओळ? ती तर सुंदर झाली. टाळ्या पडल्या."

"टाळ्यांनी वजन भरत नसतं. सूर मोजायचं काही आहे तुझ्याकडे?"

त्याने तिला फोनवरचं एक साधन उतरवून घ्यायला सांगितलं. आवाज दिला की ते सेकंदाला किती कंपनं होतात ते दाखवायचं. थोरलीचा जीव जरा रमला. आकडा दिसला की तिला माणसात आल्यासारखं वाटे. तिने ऑफिसच्या संगणकावर बाईंच्या त्याच गाण्याची जुनी सात रेकॉर्डिंग शोधली. सगळी वेगवेगळ्या वर्षांची, वेगवेगळ्या सभागृहांतली. प्रत्येकात पहिल्या ओळीचा पहिला लांब सूर मोजला. दोनशे चौऱ्याण्णव. दोनशे चौऱ्याण्णव. एकदा दोनशे पंच्याण्णव. तीस वर्षांत एका कंपनाचा फरक. तिच्या कपाटातल्या वजनांनासुद्धा लाज वाटावी.

मग शनिवारची ओळ लावली.

तीनशे अकरा.

तिने पुन्हा लावली. तीनशे अकरा.

"धाकट्या, तीनशे अकरा म्हणजे कोणती पट्टी?"

"काळी दोन," तो म्हणाला. "अर्धा सूर वर."

"पहिल्या ओळीच्या वेळी तू कानात काही सोडलं होतंस?"

"ताई, पहिल्या ओळीला त्या इअरपीस घालतच नाहीत. खांद्यावर लोंबत असतो. मोकळ्या कानाने गातात, आणि ओळ संपता संपता घालतात."

थोरलीने चित्र थांबवून मोठं केलं. बाईंच्या डाव्या खांद्यावर, निळ्या काठावर, तो काळा मणी लोंबत होता.

"म्हणजे तुझा हात पोचायच्या आधीच सूर वर होता," ती म्हणाली. "एकट्या होत्या म्हणून कुणाला कळलं नाही. ट्रॅक आला तेव्हा उघडं पडलं."

"मी नाही?" त्याचा आवाज फाटला. "ताई, मी नाही?"

"तू नाहीस."

तो रडत होता. तिने रडू दिलं. पण तिचं स्वतःचं मन काही हलकं होईना. तीस वर्षं न हललेला काटा एका संध्याकाळी का हलावा? एवढ्यावर आयोजक म्हणणार, मॅडम, तुमचा फोन खोटा, बाई खऱ्या. कारण हवं होतं.

घड्याळात पावणेदोन झाले होते.

४

बाईंच्या दारावर चिठ्ठी होती: 'बेल वाजवू नये. दार ठोठावावं.'

दार सुनेने उघडलं. ओढलेला चेहरा, हातात ओलं फडकं. थोरलीने ओळख सांगितल्यावर ती दार लावून घेणार होती, पण थोरली म्हणाली, "मी भांडायला आले नाही. मला बेल का नको ते विचारायचंय."

असा प्रश्न अपेक्षित नसल्यामुळे असेल, सुनेने खरं उत्तर दिलं. "आईंना सहन होत नाही. बेसूर झालीये म्हणतात. मी तीनदा सेल बदलले."

चपलांच्या कपाटावर नव्या सेलची रिकामी पाकिटं पडली होती. आतल्या भिंतीवर एका गोल जागेचा रंग उजळ होता.

"तिथलं घड्याळ?"

"त्याचे ठोके उतरले म्हणून दुरुस्तीला दिलं. दुकानदार म्हणाला, काही झालेलं नाही. आईंनी त्यालाच बहिरा ठरवलं." सुनेला हसावं की रडावं कळेना. "आठ-दहा दिवस झाले. सगळंच उतरलंय. मास्तरांचा ट्रॅकसुद्धा."

थोरली एक पाऊल पुढे आली. "ट्रॅकबद्दल त्या मास्तरांशी बोलल्या?"

"तीनदा फोन केला! अर्धा सूर खाली आहे, वर घ्या म्हणून. मास्तर म्हणाले, 'घेतला बाई, शनिवारी बरोबर वाजेल.' फोन मीच लावून दिला होता. का हो?"

एका ऐकण्यात पसंत. एक शब्द बोलल्या नाहीत. थोरलीला मास्तरांचा लोण्यासारखा आवाज आठवला.

तेवढ्यात स्वयंपाकघरात शिट्टीची किटली ओरडली. आणि आतल्या खोलीतून चिडलेला, थकलेला आवाज आला, "अगं बाई, आता ती किटलीसुद्धा उतरली!"

"उद्या नवी आणते, आई!" सून सवयीने ओरडली.

थोरली जागच्या जागी उभी राहिली. ती हळूच म्हणाली, "किटलीला सेल नसतात."

"काय?"

"माझ्या कामात असं असतं, वहिनी. एका दुकानाचा काटा चुकला तर दुकानदार लबाड. पण चार दुकानांचे चार काटे एकाच दिवसापासून, एकाच बाजूला, सारखेच चुकलेले दिसले तर काट्यांना हात लावायचा नसतो. आपल्या पिशवीतलं वजन तपासायचं असतं." तिने सुनेकडे पाहिलं. "दहा दिवसांपूर्वी या घरात नवीन काय आलं?"

सुनेची नजर फ्रीजवरच्या औषधांच्या डब्याकडे गेली, आणि झटकन परत आली.

५

बाई खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. हातात कोमट दुधाचा पेला, त्यात नळी. उजव्या गालाला काही लागू नये अशी मान तिरकी.

"त्या पोराची बहीण तू? काय हवंय, माफी? मी माफ करायला देव नाही."

"तुमच्या घरात ट्यूनिंग फोर्क आहे का, बाई?"

"वडिलांचा आहे. मला कधी लागला नाही."

"एकदा वाजवून दाखवाल?"

बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की बाजारातला कोणताही दुकानदार पळून गेला असता. मग कुतूहलाने म्हणा की तिरीमिरीने, त्यांनी कपाटातून तो दोन दांड्यांचा पोलादी काटा काढला. दांड्यावर आकडा कोरलेला होता. खुर्चीच्या हातावर आपटून त्यांनी तो कानाशी धरला.

खोलीत बारीक सूर पसरला आणि विरत गेला. बाईंनी पुन्हा आपटला. मग तिसऱ्यांदा, जोरात.

"गंजलाय," त्या म्हणाल्या.

"गंज नाहीये, बाई. बघा."

"मग वाकला असेल."

थोरलीने फोन पुढे केला. काटा वाजला, आणि फोनवर तोच आकडा उमटला जो दांड्यावर कोरलेला होता. "पोलाद आजारी पडत नाही," ती म्हणाली. हे म्हणताना तिला बाजारातल्या छाप्यासारखं मुळीच वाटलं नाही. एखाद्याच्या घरात शिरून त्याची शेवटची वस्तू उचलल्यासारखं वाटलं.

सून दारात उभी होती. हातात गोळ्यांचं पाकीट आणि आतला घडीचा कागद. मुंगीच्या अक्षरांतला मजकूर तिने बोट ठेवून वाचला. शेवटून दुसरी ओळ होती: क्वचित ऐकण्यात फरक, सूर आहे त्यापेक्षा खालचा वाटणे. औषध थांबवल्यावर जातो.

"म्हणजे बेल ठीक आहे," बाई म्हणाल्या. "घड्याळ ठीक आहे. तो ट्रॅकही."

"तुम्हाला सगळं अर्धा सूर खाली ऐकू येतंय. म्हणून तुमच्या मनातली पांढरी दोन गाठायला तुम्ही अर्धा सूर वर गेलात. वाद्यं सोबत असती तर त्यांना धरून गायला असतात, कुणाला कळलंही नसतं. पण पहिली ओळ तुम्ही एकट्या म्हणता."

"आणि ट्रॅक आल्यावर मी हटले नाही." बाईंचा आवाज कोरडा होता. "मला वाटलं, गाढव माझ्या खुणेकडे बघत का नाही. तो येईल वर. मी का उतरू?"

त्यांनी काटा परत कपाटात ठेवला.

"या गालात वीज पडते," बाई म्हणाल्या. "तोंड उघडलं, वारा लागला की. गोळी घेतली नाही तर गाता येत नाही, घेतली तर कान खोटं बोलतो. तू मापवाली ना? सांग, कोणतं पारडं उचलू?"

थोरलीने फोन पर्समध्ये टाकला.

"हे या घराबाहेर गेलं तर मला परत कोणी बोलावणार नाही. म्हातारी संपली म्हणतील."

"माझा भाऊ पाच वाजता संपतोय, बाई. तो एकोणतीस वर्षांचा आहे."

"तुझ्या भावाचं तू बघ."

थोरली उठली. दारापाशी वळून म्हणाली, "तुमचं दुखणं आणि तुमची गोळी तुमची आहे. त्याबद्दल माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. पण सूर कुणाचा चुकला ते मी सांगणार."

"कारण न सांगता?" बाई कडवट हसल्या. "कोण विश्वास ठेवील तुझ्यावर?"

तेच तर थोरली वाटभर स्वतःला विचारत होती.

६

पाचला दहा मिनिटं कमी असताना ती सरावाच्या खोलीत शिरली. धाकटा आधीच येऊन बसला होता. धुतलेला शर्ट, विंचरलेले केस. परीक्षेला आल्यासारखा. टेबलापलीकडे आयोजक आणि मास्तर. कोपऱ्यात टेबलफॅन मान फिरवत होता.

थोरलीने आकडे मांडले. जुनी सात रेकॉर्डिंग, दोनशे चौऱ्याण्णव. शनिवार, तीनशे अकरा. खांद्यावर लोंबणारा इअरपीस. आयोजकांनी चित्र दोनदा पाहिलं.

"आता मास्तरांना एक विचारते," ती म्हणाली. "बाईंनी ट्रॅकबद्दल एक शब्दही काढला नाही म्हणालात. त्यांच्या घरून तुम्हाला तीन फोन गेलेत. अर्धा सूर वर घ्या म्हणून. तुम्ही म्हणालात, घेतला. धाकट्या, तुझ्याकडे ट्रॅक किती आले?"

"एकच. आदल्या सोमवारचा. दुसरा आलाच नाही."

मास्तरांनी कपाळ पुसलं. "ट्रॅक बरोबर होता हो! मी चारदा तपासला. त्या मोठ्या बाई. त्यांना चुकताय म्हणायचं? माझी काय छाती? म्हटलं, वय झालंय, एखादा दिवस वाटत असेल तसं. हो म्हणून टाकलं."

"खरं बोलला असतात तर त्या सावध झाल्या असत्या. सांगितलेलं ऐकून ट्रॅक वर घेतला असतात तरी त्या सुरात दिसल्या असत्या. दोन्ही केलं नाहीत. आणि शनिवारी रात्री सगळं लक्षात आल्यावर या पोराकडे बोट दाखवलंत. चोर सोडून संन्याशाला फाशी."

आयोजक खुर्चीत पुढे झुकले. "ठीक आहे, हे खोटं बोलले. पण मॅडम, मूळ प्रश्न तसाच आहे. ज्या बाई तीस वर्षं एका केसाने हलल्या नाहीत त्या शनिवारी का हलाव्या? कारण द्या."

थोरलीला कारण माहीत होतं. चार शब्दांत सांगून झालं असतं. तिने धाकट्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नाही."

"मग मी लोकांना काय सांगू? तुमच्या फोनचे आकडे?" आयोजकांनी हात पुढे केला. "तो कागद द्या."

तिने दिला नाही. पण धाकट्यानेच तिच्या पर्समधून घडी काढली. टेबलावर हाताने सरळ केली. "राहू दे ताई. मला कळलं की मी नव्हतो, बास. जगाला नाही कळलं तरी चालेल." त्याने पेन उचललं. सहीची रेघ त्याने शांतपणे शोधली, आणि त्या शांतपणाचीच थोरलीला भीती वाटली.

"पेन ठेव खाली, पोरा."

दारात बाई उभ्या होत्या. मागे सून धापा टाकत होती. "दुपारची गोळी न घेता निघाल्या," ती थोरलीच्या कानात कुजबुजली. एक गोळी चुकवून कान परत यायचा नव्हता. कळ परत यायला मात्र तेवढं पुरेसं होतं.

बाई पियानोशी गेल्या, पण बसल्या नाहीत. उभ्यानेच डोळे मिटून त्यांनी ती पहिली ओळ म्हटली. कोणी सूर दिला नव्हता. आवाज अजूनही असा होता की आयोजकांचा हात आपोआप ताल धरायला मांडीवर आला. शेवटच्या सुरावर बाई थांबल्या, तो लांबवत नेला, आणि डोळे न उघडता बोटाने दुसरी पांढरी पट्टी दाबली.

दोन सूर एकमेकांना घासले. शनिवारचाच तो आवाज, पण इतक्या जवळून की अंगावर काटा यावा. धाकट्याने मान खाली घातली. बाईंनी बोट उचललं नाही, सूरही सोडला नाही. श्वास संपेपर्यंत त्यांनी ते सगळ्यांना ऐकवलं. गालाचा स्नायू उडत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं.

"हा माझा सूर," त्या म्हणाल्या. "हा पियानोचा. मधला फरक या पोराने घातलेला नाही."

आयोजक उठून उभे राहिले होते. "बाई, तुम्ही बसा आधी. आपण असं करू, 'तांत्रिक बिघाड' लिहू. कोणाचंच नाव नको."

"तांत्रिक म्हणजे कोण? हाच ना? पुन्हा त्याच्याच गळ्यात?" बाईंनी धाकट्यापुढचा कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. "लिहा. शनिवारी सूर माझा चुकला. ध्वनी सांभाळणाऱ्याचं काम बरोबर होतं."

"आणि कारण?"

"कारण माझ्या घरचं आहे. ते तुमच्या कागदावर नको." बोलताना त्यांची नजर थोरलीवरून एकदा सरकली. मग त्या मास्तरांकडे वळल्या. "तीस वर्षं मला कोणी 'नाही' म्हणालं नाही, मास्तर. तुमच्याकडून अपेक्षा होती."

आयोजकांनी लिहिलं. बाईंनी वाचलं, एक शब्द खोडला आणि सही केली. मग त्या खुर्चीत बसल्या, मांडीवर हात घट्ट जुळवून. उद्या हा कागद छापून येईल, पुन्हा मांजरं ओरडतील, आणि या वेळी त्यांना थांबवायला कोणी उरणार नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. बाईंना सगळ्यांत आधी कळलं असणार.

धाकटा त्यांच्याकडे बघत होता. कान त्याचे तयार होतेच, डोळेही असावेत. कोपऱ्यातल्या पंख्याची मान फिरून बाईंच्या बाजूला आली की त्यांचे खांदे आखडत होते; मान परत गेली की सैल पडत होते. तीन वेळा त्याने ते पाहिलं. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि त्याने काही विचारलंही नाही. तो उठला, टेबलाला वळसा घालून गेला, आणि पंखा बंद केला.